टॉवेलवरून परमा? पुरे करा

"घरात एकाला गुप्तरोग झाला की संडास, भांडी, टॉवेल यांतून सगळ्यांना होतो. लहान मुलींना आईच्या टॉवेलवरूनच परमा होतो. घाबरू नका, कपडे डेटॉलात भिजवा." हा मजकूर फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आला, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग.

संडासाचं लगेच मिटवू. गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) यांचे जंतू शरीराबाहेर कोरडे पडले की मरतात. सीटला मांडी लागून कोणाला काही होत नाही. भांडीही तशीच. एचआयव्ही ताट-पेल्यातून होत नाही, डासातूनही नाही. सुनेचं ताट वेगळं काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आता टॉवेल. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, घातक आहे. जन्मावेळी आईकडून आलेला परमा बाळाच्या डोळ्यांत पहिल्या आठवड्यातच दिसतो. नवजात वय उलटल्यावर मुलीला परमा निघाला, तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २०२१ ची उपचार-मार्गदर्शिका ती लैंगिक अत्याचाराची खूण धरते. टॉवेलवर खापर फोडलं की सुटतो तो अत्याचारी, आणि तो बहुधा ओळखीचाच असतो. कपडे डेटॉलात भिजवले की पुरावाही गेला.

पण म्हणून एकदम आरोपही नको. लहान मुलींच्या अंगावरून पांढरं जाण्याला जंत, साबण, आत अडकलेला बोळा अशी साधी कारणंही असतात. आधी डॉक्टर. अँटिबायोटिकच्या आधी स्वॅब (स्रावाचा नमुना) कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, गेला पाहिजे, नंतर जंतू सापडेलच असं नाही. अत्याचाराचा संशय आला तरी पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

बरं, अर्धसत्य तेवढं मान्य. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार घरात पसरू शकतो, पण रक्तातून: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. वाळलेल्या रक्तातही विषाणू सात दिवस टिकतो. घरातल्या इतरांनी रक्त तपासून ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांची लस घ्यावी. बाधित आईच्या बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन्ही जन्मल्यापासून १२ तासांत.

खरूज अंथरुणातूनही लागते, ती लैंगिक संबंधाशिवायही होते. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्याने पुन्हा. एक जण राहिला की खाज परत फिरते. चादरी गरम पाण्यात धुवायच्या; डेटॉल लागत नाही.