उजवा मेंदू ‘जागा’ करणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय. लहान मूल म्हणे उजव्या, कल्पक मेंदूनं जगतं. शाळा त्याला डाव्या, हिशोबी मेंदूचं करून टाकते. म्हातारपणी उजवा आधी सुकतो. उपाय काय, तर रोज डाव्या हातानं दात घासा आणि उजवा डोळा झाकून वाचा. जोडीला गिरक्या घेणाऱ्या नर्तिकेची ‘चाचणी’: ती कुठल्या दिशेनं फिरताना दिसते, त्यावरून म्हणे तुमचा मेंदू डावा की उजवा ते कळतं.

“हिशोब डावीकडे, कला उजवीकडे.”
मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत, म्हणजे गोलार्धांत, फरक आहेतच. वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या कपाळामागची इजा फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवली. उजव्या हातानं काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के माणसांत भाषेचा मुख्य भार डावीकडे असतो. डावखुऱ्यांतही सत्तर टक्क्यांच्या आसपास. पण भाषा म्हणजे तर्क नव्हे. कला-हिशोबाची वाटणी अमेरिकी मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी यांच्या प्रयोगांवरून ताणली गेली. त्या कामाचं नोबेल त्यांना १९८१ मध्ये मिळालं. मात्र त्यांचे रुग्ण कोण होते, हे फॉरवर्ड सांगत नाही. फिट्स आटोक्यात येईनात म्हणून त्यांचा कॉर्पस कलोझम, म्हणजे दोन्ही गोलार्ध जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा जुडगा, कापलेला होता. तुमचा-आमचा शाबूत आहे. पाढे म्हणताना डावी बाजू जास्त राबते, पण दोन ढिगांतला मोठा कोणता हे नजरेनं ताडायला दोन्हीकडचे भाग लागतात. मग गणिताला बसवायचं कुठं? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला झुकलेली दिसली, अख्खा माणूस झुकलेला दिसला नाही.

“मूल उजव्या मेंदूचं असतं.”
खरा भाग एवढाच: चार ते सहा वर्षांच्या मुलांत वाक्य समजून घेताना दोन्ही गोलार्ध काम करतात आणि वय वाढेल तसा उजव्याचा वाटा घटतो. म्हणून तर जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झालेल्या बाळाची भाषा उजवीकडे बस्तान मांडू शकते. पन्नाशीत तशीच इजा झाली तर वाचा जाऊ शकते. पण डावीकडचा कल पोटातच सुरू होतो. भाषेशी निगडित कानामागच्या भागातला डावा-उजवा फरक गर्भाच्या एकतिसाव्या आठवड्याच्या सुमारास दिसतो. वाचन शिकल्यावर अक्षरं ओळखणारा डावीकडचा एक भाग घडतो, तेवढं श्रेय शाळेचं. बाकीचा दोष तिच्यावर ढकलायचा, तर दुधाचे दातही शाळेनंच पाडले म्हणावं लागेल.

“उतारवयात उजवा आधी सुकतो.”
हा समज बुद्धिमापन चाचण्यांवरून आला. डावीकडची मानलेली शब्दसंपत्ती टिकते, उजवीकडच्या मानलेल्या ठोकळ्यांच्या आकृत्यांचे गुण घसरतात. पण ठोकळ्यांची चाचणी घड्याळ लावून घेतात आणि वयानं वेग मंदावतो. उलट, ज्या कामाला तरुणांत कपाळामागची मुख्यतः एकच बाजू लागते, त्याला वृद्धांत बऱ्याचदा दोन्ही लागतात, हे मेंदूसंशोधक रॉबर्टो कॅबेझा यांनी २००२ मध्ये मांडलं.

“डावा डोळा, डावा हात.”
शरीराची डावी बाजू उजवा मेंदू सांभाळतो, यावर हा उपाय बेतलेला. पण प्रत्येक डोळ्यातले निम्मे तंतू, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागाचे, पलीकडच्या गोलार्धात जातात. बाकीचे त्याच बाजूला राहतात. एक डोळा झाकला तरी दोन्ही गोलार्धांना चित्र पोचतंच. डाव्या हातानं घासून सराव होतो तो डाव्या हाताचा. नर्तिका ही जपानी वेब-डिझायनर नोबुयुकी कायाहारा यांनी २००३ मध्ये केलेली, सावलीसारखी नुसती काळी आकृती: खोलीची खूणच नाही, म्हणून ती कुठल्याही दिशेनं फिरताना दिसते.

घरात उपयोगी पडेल असा फरक मात्र त्या फॉरवर्डमध्ये नाही. उजव्या गोलार्धाच्या पक्षाघातात बोलणं बहुधा शाबूत राहतं, डावीकडचं जग मात्र हरवू शकतं. ताटातलं डाव्या अर्ध्यातलं अन्न तसंच उरतं, ओळ मध्येच वाचायला सुरुवात होते. लुळ्या हाताबद्दल विचारलं तर रुग्ण “काही झालं नाही” म्हणतो, आणि नातेवाईक त्याच्यावर विश्वास ठेवून थांबतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजून. पुढे वाचनाचा सराव करताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतात: आधी पट्टी शोधायची, मग ओळ.