किडनी ‘तुंबत’ नाही, तिथल्या पेशी हरतात

‘किडनी म्हणजे गाळणी. ती कचऱ्याने तुंबते. भरपूर पाणी प्या, धुऊन निघेल. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर काळजी नको.’ (क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून काढते तो एक टाकाऊ पदार्थ.) हा संदेश आपुलकीनेच पुढे पाठवला जातो, पण तो रुग्णाचा मोलाचा वेळ घालवतो.

आधी तुंबण्याचं बघू. ही गाळणी जिवंत पेशींची आहे. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे सूक्ष्म घटक, असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता. त्यावर पोडोसाइट नावाच्या पेशी पाय पसरून बसतात. शेजारशेजारच्या पेशींचे पाय बोटांत बोटं गुंफावीत तसे अडकलेले. मधल्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं अडतात. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या माऱ्याने हे पाय आखडतात, पेशी सुटून लघवीवाटे निघून जातात. त्या जवळजवळ विभागतच नाहीत, त्यामुळे गेलेलीची जागा शेजारणींना अंग ताणून झाकावी लागते. त्या ताणाने त्याही सुटतात. उघड्या जागी व्रण धरतो, नेफ्रॉन बाद होतो, त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तिथेही दाब वाढून हेच सुरू होतं. मूळ कारण आटोक्यात आल्यावरही आजार सरकत राहतो, तो यामुळे.

निसटलेली प्रथिनं पुढे नलिकेच्या पेशी शोषून घेतात. ती झेपेनाशी झाली की त्या दाहाचे संदेश सोडतात, आणि भोवती कोलॅजन, म्हणजे व्रणाचं चिवट प्रथिन, साचत जातं.

पाण्याने हा व्रण धुतला जात नाही. कॅनडातल्या ६३१ रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०१८) एका गटाला जास्त पाणी प्यायला लावलं. वर्षभरानंतर किडनीच्या कामातली घसरण दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. मुतखड्याची गोष्ट वेगळी, तिथे पाणी उपयोगी पडतं. पण अंगावर सूज असलेल्या रुग्णाला हा सल्ला धोक्याचा आहे.

क्रिएटिनिनचं म्हणाल, तर गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) पुष्कळदा त्याआधीच वाढतं. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्ब्युमिन तीन महिने टिकलं, तर तो किडनीचा आजारच. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर ही तपासणी दरवर्षी मागून घ्या.

‘गोळ्यांनी क्रिएटिनिन वाढलं, म्हणून बंद केल्या’ हेही कानावर येतं. एसीई इनहिबिटर या रक्तदाबाच्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून आतला दाब उतरवतात. सुरुवातीची थोडी वाढ त्यामुळेच दिसते. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांना रिपोर्ट दाखवूनच ठरवा.