न्याहारी, निवास आणि सासूबाई

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘रूम सी-फेसिंग आहे का?’

गुहागरातली जुनी घरं समुद्राकडे पाठ करून बसलेली आहेत. तिकडून येतो तो खारा वारा आणि पावसाळ्यात आडवा पाऊस, त्यामुळे शहाण्या माणसाने तोंड रस्त्याकडे करावं, असं आमच्या पूर्वजांचं मत होतं. पुढे रस्ता, मग खळं, पडवी, माजघर, मागे विहीर, नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि ती संपली की सहा किलोमीटर वाळू. समुद्राकडे तोंड करून बसायचे पैसे मिळतात, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या नवऱ्याला पुण्यातल्या नोकरीचा वीट आला, तेव्हा त्याने हे सगळं कागदावर मांडून पाहिलं. पडवीलगतच्या दोन खोल्या आणि भाताची कोठी रिकामी करून तिसरी. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव नोंदवलं, दारावर पाटी लागली आणि कामाची वाटणी झाली. बसल्या जागचं काम म्हणजे बुकिंग, ते त्याने घेतलं. उरलेलं माझ्याकडे आलं. सासूबाईंना कोणी काही काम दिलं नाही. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो, पण ते पुढे सांगते.

आधी माणसं पोचायला तर हवीत. मुंबईकर पहाटे पाचला निघतो म्हणाले की समजायचं, साडेसातला पनवेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता स्वतः गाडी चालवत येतं आणि बापाच्याच खड्ड्यात आपटतं. पनवेलहून फोन येतो, ‘वहिनी, जेवायलाच पोचतो.’ नागोठण्याहून येतो, ‘थोडा उशीर होईल.’ माणगावहून त्यांची बायको विचारते, ‘गरम करून द्याल ना हो?’ चिपळूणहून फोन येत नाही. तिथे ते जेवून घेतात.

दापोलीहून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. मोबाइलमधली बाई त्यांना दाभोळच्या धक्क्यावर आणून सोडते आणि सांगते, सरळ जा. सरळ खाडी असते.

‘वहिनी, रस्ता पाण्यात जातोय!’

‘जातोच. थांबा तिथे. फेरीबोट येईल, तीत गाडी घाला. पलीकडे धोपावे.’

‘बोटीत? गाडी?’

ही मंडळी उतरतात तीच इतकी खूश होऊन, की नंतर लिहिलेल्या अभिप्रायात पहिल्या चार ओळी बोटीच्या असतात. पाचव्या ओळीत ‘राहण्याची सोय ठीक.’

आलेल्या माणसांचे आमच्याकडे दोन वर्ग आहेत. एक व्याडेश्वराचे आणि दुसरे वाळूचे. व्याडेश्वर कितीतरी चित्पावन घराण्यांचं कुलदैवत. ही माणसं पहाटे पाचला उठून बंब पेटलाय का बघतात, सोवळं वाळत घालायला दोरी मागतात, अभिषेक करून येतात आणि मग झोपाळ्यावर बसून ‘आमच्या लहानपणी इथे केवढं होतं’ अशी सुरुवात करतात. वाळूचे दहाला उठतात. त्यांना वाय-फाय लागतं, शेकोटी लागते आणि सावली लागते ती गाडीला. मी ओरडून सांगते, माडाखाली गाडी लावू नका. ते म्हणतात, नारळाला डोळे असतात म्हणे, माणसाच्या डोक्यात पडत नाही. खरं आहे, पिढ्यान् पिढ्या ऐकतोय आम्ही. पण मोटारींबद्दल माडाने कधी शब्द दिलेला नाही.

वाळूच्यांची चौकशी मात्र दांडगी. डिसेंबरात येऊन विचारतात, झाडावरचा हापूस तोडून खाता येईल का. झाडावर मोहोर असतो. मग ते नाराजीने मोहोराचा फोटो काढतात. जूनमध्ये येऊन ताजी सुरमई मागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, हे सांगितलं की माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की बंदीचा हुकूम मीच काढलाय. तसेही आमच्या स्वयंपाकघरात मासे होत नाहीत. शेजारच्या काकूंकडून डबा येतो, तो पडवीत खायचा. त्या डब्याच्या स्वागताला आमच्या घरातून फक्त मांजर जातं.

सगळ्यात बिकट मागणी बामणघळीची. हेदवीला काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे. भरतीला लाट तीत घुसते आणि पुढे जागा नसल्यामुळे उंच उडते. ओहोटीला तिथे नुसता खडक असतो आणि खडकाकडे बघत उभे पुणेकर असतात. म्हणून कोणी हेदवीला निघालं की सासरे, म्हणजे आमचे आप्पा, भरतीची वेळ काढून देतात. इथलं गणित सोपं आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मग साधारण सहा तासांनी ओहोटी. एका अष्टमीला एक साहेब सकाळी नऊला तयार होऊन आले.

‘आत्ता गेलात तर पाणी उतरत असेल,’ आप्पा म्हणाले. ‘बाराला पूर्ण ओहोटी. संध्याकाळी सहाला जा, झकास दिसेल.’

‘पण आमचं अकराला चेकआउट आहे. थोडं अलीकडे नाही का होणार?’

आप्पांनी शांतपणे पंचांग मिटलं. ‘चंद्राशी बोलून बघतो.’

‘बघा ना प्लीज,’ साहेब म्हणाले आणि पोहायला गेले.

आता न्याहारी. योजनेच्या नावातच असल्यामुळे ती टाळता येत नाही. आमच्याकडे घावन असतं. तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी वाटून पीठ ताकाइतकं पातळ करायचं. बिडाचा तवा सणसणीत तापला की नारळाच्या शेंडीने तेलाचा हात फिरवायचा आणि वाटीने पीठ ओतायचं, कडेपासून मध्ये. चर्र झालं पाहिजे. जाळी पडली की झाकण, कड सुटली की उलथनं. पहिलं घावन तव्याला चिकटतं, ते तव्याचं. दुसरं फाटतं, ते गाईचं. तिसऱ्यापासून माणसांची पाळी.

आणि खरी गोची अशी, की बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच घावन होतं. त्याला दोन मिनिटं लागतात आणि ते खायला एक. बाहेर टेबलाशी आठ जण. आठव्याच्या ताटात पहिलं घावन पडतं, तेव्हा पहिला केव्हाचा रिकाम्या ताटात ओल्या खोबऱ्याची चटणी नुसतीच चाटत बसलेला असतो. शिवाय प्रत्येकाला ते गरम हवं असतं आणि ‘सगळ्यांनी एकत्र बसू’ असंही हवं असतं. हे दोन्ही एकदम साधणारा तवा अजून कोणी ओतलेला नाही. ‘तुम्ही पण या ना आमच्याबरोबर!’ असं एखादी प्रेमळ बाई हमखास म्हणते. मी म्हणते, येते हं. साडेअकराला मी येते तेव्हा त्या वेळणेश्वरला पोचलेल्या असतात.

मध्येच कोणीतरी विचारतं, पोहे नाहीत का?

‘पोहे तुम्ही घरी खाता ना?’

‘हो, म्हणूनच.’

एकदा एका तरुण मुलीने घावन उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, ‘यात ग्लुटेन आहे का?’ मी म्हटलं, अजिबात नाही. ती सुखावली, पाच खाल्ली. सासूबाई कोपऱ्यात नारळ खवत होत्या. मुलगी उठून गेल्यावर हलक्या आवाजात मला म्हणाल्या, ‘अगो, संपलं होतं तर रात्रीच सांगायचंस. वरच्या पाटावरच्या दुकानातून आणवलं असतं. लोकांसमोर नाही कसलं म्हणतेस?’

वानरांचं एवढंच सांगते, की आमचं त्यांच्याशी पिढीजात वैर आहे. वाडीत डबे बडवून, फटाके लावून आम्ही त्यांना घरापासून लांब ठेवलं होतं. एका गोड कुटुंबाच्या गोड मुलांनी त्यांना क्रीमची बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी बरोबर न्याहारीच्या वेळेला सगळा कळप पडवीच्या कौलांवर हजर! म्होरक्या तर पन्हळीवर पाय सोडून माझ्या तव्याकडे बघत होता. कुटुंब परत गेलं. म्होरक्या अजून येतो, नऊच्या सुमाराला. फुटलेल्या कौलांचा खर्च पुढे कुठल्या बिलात घालायचा, हे नवऱ्याला अजून सुचलेलं नाही.

बिल म्हटलं की सासूबाई आल्या.

त्यांना आम्ही काही काम दिलं नाही, कारण त्यांचं वय झालं. त्यांनी आपण होऊन एक काम घेतलं. आलेल्या माणसाला झोपाळ्यावर बसवायचं, कोकम सरबताचा पेला हातात द्यायचा आणि विचारायचं, ‘कुठले तुम्ही?’

‘पुण्याचे.’

‘ते आत्ताचे. मूळचे?’

इथून पुढे माणूस सुटत नाही. मूळ गाव, गोत्र, आजोळ, बायकोचं माहेर, माहेरचं आजोळ. व्याडेश्वराचे असतील तर दहा मिनिटांत नातं निघतं. पालशेतच्या मावशीची नणंद, अडूरच्या आत्याचे व्याही, काहीच नाही तर कोणाची तरी मुंज एका मांडवात झालेली असते. नातं निघालं की सासूबाई मला आत बोलावतात आणि माजघराच्या दारात कुजबुजतात, ‘यांच्याकडून खोलीचे घेऊ नकोस हो. बरं दिसत नाही.’

‘आई, मग न्याहारीचे?’

‘न्याहारीचे? अगो, आपल्या माणसाला खायला घालून पैसे घ्यायचे?’

खोलीचे घ्यायचे नाहीत आणि न्याहारीचेही नाहीत. म्हणजे व्यवसाय म्हणून फक्त पाटी शिल्लक राहते.

यावर मी तोडगा काढला, की पैसे आल्याआल्याच घ्यायचे, सासूबाई दुपारच्या आडव्या झालेल्या असताना. पण पैसे मोबाइलवरून द्यायचे तर रेंज लागते आणि आमच्या आवारात ती विहिरीजवळच्या डोणीवर चढून हात वर केला तरच येते. त्यामुळे भर दुपारी एक परका पुरुष डोणीवर उभा, खाली मी ‘गेले का? गेले का?’ विचारतेय, असं दृश्य वाडीत दिसतं. ‘गेले’ हा शब्द ऐकून सासूबाई एकदा धडपडत बाहेर आल्या. कोण गेलं हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग डोणीवरच्या माणसाला म्हणाल्या, ‘उतरा आधी. पडाल. कुठले तुम्ही?’

मागच्या हिवाळ्यात नागपूरचं एक जोडपं आलं. आडनाव असं, की राजापूरपासून अलिबागेपर्यंत कोणी ऐकलेलं नसेल. म्हटलं, या दोघांचे पूर्ण पैसे मिळणार. सासूबाईंनी झोपाळ्यावर घेतलं.

‘कोकणात कोणीच नाही तुमचं?’

‘नाही हो आजी. समुद्रच पहिल्यांदा बघतोय.’

‘नोकरी?’

‘बँकेत.’

‘कुठल्या शाखेत?’ शाखा कळल्यावर सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. ‘तिथे आमच्या चिपळूणच्या वन्सांचा जावई होता. उंच, काळासा. बोलताना एक डोळा मिटतो.’

माणूस उडालाच. ‘अहो, ते माझे साहेब होते!’

‘छळायचा का हो?’

त्याने बायकोकडे बघितलं. ‘तसं... थोडंसं.’

सासूबाईंनी मला आत बोलावलं. ‘हजार रुपये कमी घे हो. आपल्या माणसाने छळलंय त्यांना.’

मी हजार कमी घेतले. वर सासूबाईंनी कोकमाची बाटली, दोन असोले नारळ आणि फणसपोळीचं पुडकं दिलं. ‘मे महिन्यात या आंब्याला,’ म्हणाल्या, ‘घरच्यासारखे या.’

ते आले. मे महिन्यात, दोन गाड्या, अकरा माणसं. नवऱ्याला फोन नाही की निरोप नाही. गाडीतून उतरताना हसतमुखाने म्हणाले, ‘आजींनी बोलावलंय!’ दुसऱ्या गाडीतून एक उंच, काळेसे गृहस्थ उतरले आणि एक डोळा मिटून नमस्कार म्हणाले. तिन्ही खोल्या आधीच भरलेल्या. नवरा बुकिंगची वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळत राहिला. सासूबाईंनी तोवर आमच्या खोलीतल्या गाद्या बाहेर काढल्या, माजघरात ओळीने घातल्या आणि आम्हा दोघांना माळ्यावर निजायला सांगितलं. मी शिडी चढत होते तेव्हा त्यांनी पदर ओढून मला खाली वाकवलं.

‘साहेबाकडून मात्र पूर्ण घे हो,’ म्हणाल्या. ‘छळतो मेला.’