नेटवर्क सेटिंग रिसेट करा म्हणे, काही जात नाही म्हणे!

कस्टमर केअरवाल्यांना एकदा कराडला आमच्या घरी आणून अण्णांच्या समोर बसवायला पाहिजे, मॅच चालू असताना, आणि टीव्हीवर नुसतं ते गोल गोल फिरत असताना.

झालं असं की ठाण्यात दोन दिवस माझ्या फोनचं नेट गंडलं होतं. फोन लावला तर बाई म्हणाल्या सर नेटवर्क सेटिंग रिसेट करा, तुमचा काहीही डेटा जाणार नाही. केलं. फोननेही वायफाय, मोबाईल डेटा, ब्लूटूथ एवढे तीन शब्द दाखवले, पिन मागितला आणि दोन सेकंदात सगळं साफ. फोटो गेले नाहीत, कॉन्टॅक्ट गेले नाहीत, बाई खोटं बोलल्या नाहीत! फक्त सहा वर्षांत जिथे जिथे गेलो तिथले सगळे वायफाय पासवर्ड गेले, घर, ऑफिस, सासुरवाडी, मावशी, सगळे, वर गाडीचं आणि कानातल्याचं पेअरिंगही गेलं. अरे मग स्पष्ट लिहा ना तिथे, की बाबा रे तुझे पासवर्ड उडणार आहेत, एकदा बघून घे! आणि नेट तरी चालू झालं का? छे. दुसऱ्या दिवशी कंपनीचाच मेसेज, तुमच्या एरियात टॉवरचं काम सुरू होतं, असुविधेबद्दल क्षमस्व. क्षमस्व काय क्षमस्व! फोनचाच घोळ असता तरी आधी एपीएन, म्हणजे मोबाईल डेटा कंपनीच्या नेटला जोडणारं सेटिंग, डिफॉल्टला नेऊन बघता आलं असतं, तो वेगळा ऑप्शन त्याच सेटिंगमध्ये असतो, त्याने वायफायला धक्काही लागत नाही. काही नवीन फोनांत तर मोबाईल नेटवर्कचा रिसेट आणि वायफायचा रिसेट वेगवेगळे दिलेत, म्हणजे इतक्या वर्षांनी कुणाला तरी सुचलं. माझा फोन जुना, माझं नशीब जुनं.

घरचं सोपं होतं. बायकोच्या फोनवर वायफायच्या शेअरमध्ये जाऊन क्यूआर काढला, खाली पासवर्डही लिहून येतो, पाच सेकंदात काम. अँड्रॉईड १० पासून, म्हणजे २०१९ पासून हे आहे. आयफोनवाल्यांना सेव्ह केलेला पासवर्ड नुसता बघायला मिळायला २०२२ उजाडलं, त्यामुळे तिथे आपण गप्प हसायचं.

पण कराड. तिथे घरात टॉवर पकडत नाही म्हणून तर वायफाय घेतलं. शुक्रवारी रात्री पोचलो, आई-अण्णांचे दोन्ही फोन अँड्रॉईड ८ वाले, क्यूआरबियार काही नाही, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके. टीव्हीला पासवर्ड माहितीये, अण्णांच्या फोनला माहितीये, आईच्या फोनला माहितीये, फक्त माणसांना माहीत नाही! आई म्हणाली थांब, मी लिहून ठेवलाय, आणि गॅसचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात, "अण्णा ऍट द रेट आणि साल".

आई, कुठलं साल?
"अरे जन्मसाल. तेवढं काय लिहायचं, घरातल्यांना माहितीच असतं की."

मग बसलो. १९५४ लावून अण्णा एका एन ने, दोन एन ने, शेवटी डबल ए, पहिलं कॅपिटल, सगळं कॅपिटल, नुसतं ५४ लावून. रात्रीचे साडेबारा. एक नाही लागला. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टॉर्च लावून टाकला, तोही नाही, केबलवाल्याच्या पोराने तो कधीच बदललेला. अण्णांच्या फोनवरून १९२.१६८.१.१ वर, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो, तिथे ॲडमिन ॲडमिन चालेना. यूट्यूबवर "१००% वर्किंग ट्रिक" वाले दिवटे फोन रूट करायला, म्हणजे त्याचं आतलं कुलूपच तोडायला सांगतात. आणि ती ॲपं! वायफाय पासवर्ड रिकव्हरी म्हणे, आधी लोकेशन द्या, मग तीस सेकंदांची जाहिरात बघा, मग अजून एक, आणि शेवटी "नो सेव्हड नेटवर्क". अरे गाढवा, ते मलाही माहितीये! फोनमधून पुसलंय तर तू काय स्वर्गातून आणणार? गुगलच्या बॅकअपमध्ये असतील म्हणावं तर ते फोन नव्याने सेटअप करतानाच परत येतात, म्हणजे एका वायफायसाठी अख्खा फोन पुसा.

रविवारी सकाळी दाजी आले. दाजींना सगळं येतं. "अरे एवढं काय, मागे भोक असतं," म्हणून देवघरातली उदबत्तीची काडी आणली आणि मी नको नको म्हणेपर्यंत दहा सेकंद दाबून धरली. झालं. आता स्टिकरवरचा पासवर्ड मस्त चालला, वायफाय फुल कांड्या, आणि इंटरनेट शून्य, कारण कनेक्शनचं युजरनेम पासवर्ड राउटरमध्येच भरलेलं असतं आणि तेही काडीबरोबर गेलं. आतापर्यंत माझं एकट्याचं बंद होतं, आता अण्णांची मॅच पण गेली आणि आईची सिरीयल पण. दाजी चहा पिऊन निघून गेले.

केबलवाला म्हणाला दहा मिनिटांत पोरगं पाठवतो. दहा मिनिटं म्हणजे मंगळवार.

रविवारी रात्रीच सोमवारच्या कामासाठी बॅगेतनं लॅपटॉप काढला आणि डोक्यात लख्ख पडलं, दिवाळीत हा इथेच जोडला होता की! तीन दिवस बॅगेत पडून होता हा मठ्ठ आणि त्याच्यापेक्षा मठ्ठ मी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल, पुढे वायफायचं नाव, शेवटी की इक्वल टू क्लिअर. की कंटेंटच्या ओळीत समोर उघडा पासवर्ड. कॅपिटल ए, दोन एन, ए, ऍट द रेट, १९५२.

बावन्न!

अण्णांना विचारलं तर पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "शाळेत मास्तरांनी दोन वर्षं वाढवून लावली होती. आधारवर तेच आहे."

मंगळवारी पोरगं आलं, युजरनेम भरलं, मी म्हटलं वायफायचं नाव आणि पासवर्ड अगदी जुनाच ठेव, मग टीव्ही आणि दोघांचे फोन हात न लावता आपोआप जोडले गेले, तेवढं एक बरं झालं. निघताना मी त्याला ही सगळी रामकहाणी सांगितली तर हसायला लागलं. म्हणे, "दादा, फोन करून विचारायचं ना मला. या गल्लीत सगळ्यांचं तेच आहे, नाव आणि आधारवरचं साल."