बहिणी किती?

परवा फाउंटनच्या फुटपाथवर मी नुसतं एक पुस्तक उघडलं आणि चारचौघांत बहिणींचा हिस्सा गिळणारा भाऊ ठरलो.

पुस्तक म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मांडलिकांनी १८८० साली छापलेला ‘व्यवहारमयूख’. मूळ ग्रंथ नीलकंठ भट्टांचा, सतराव्या शतकातला. गुजरात आणि मुंबई बेटावरच्या वारसाहक्काच्या भांडणांत इंग्रजांची कोर्टंसुद्धा त्याला मानायची. कातडी पुठ्ठ्याचा भुगा हाताला लागत होता, कसरीनं पानांची जाळी केलेली, पण नामपृष्ठ शाबूत! जुनी कायद्याची पुस्तकं जमवण्याच्या या नादाला नव्यानं लागणाऱ्यानं आधी तेच बघावं, साल तिथं असतं. आणि ही पुस्तकं दुर्मिळ का, तर नवी आवृत्ती आली की वकील जुनी रद्दीत घालतात. २०२४ च्या जुलैत न्याय संहिता आल्यावर १८६० च्या दंडसंहितेचं काय झालं असेल, याचा विचारही करवत नाही.

विक्रेता ८०० म्हणत होता. मी ५०० वर अडून बसलो होतो, तेवढ्यात शेजारी गाइडं चाळणारे एक काका वळले.

“वाटणीचा दावा का?”

“नाही हो, संग्रहासाठी.”

“हं. बहिणी किती?”

“दोन. पण त्याचा...”

“२००५ ला मुलींना मुलांइतकाच हिस्सा दिलाय सरकारनं. म्हणून हे १८८० चं शोधून काढलंत होय!”

मी म्हटलं, अहो, १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानंतर या पुस्तकावर कुणाला वीटभरसुद्धा जागा मिळायची नाही.

“बघा, सालं पाठ आहेत!” काका विक्रेत्याला म्हणाले. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दोन्ही बहिणींना तिथूनच फोन लावून द्यावा असं वाटलं. आमच्या वडिलांची इस्टेट म्हणजे डोंबिवलीतल्या दोन गळक्या खोल्या आणि एक बंद पडलेली लुना. त्यातली लुना बहिणी फुकटसुद्धा नेत नाहीत. जुनी नाणी, तिकिटं जमवणाऱ्याला कुणी विचारतं का, की बाबा, कुणाला लुबाडणार आहेस? कायद्याचं पुस्तक हातात दिसलं की मात्र माणूस एक तर वकील, नाहीतर लबाड.

“केस है तो बारा सौ, साब,” विक्रेता म्हणाला. मोजले.

निघणार तोच काकांनी मोबाइल काढला. “ते वाटणीचं पान जरा उघडून धरा. आमची धाकटी कोर्टात गेलीय.”