खुलासा : ओला रुमाल बांधून होल्डमध्ये उतरण्याबाबतचा संदेश

नेरुळ-सीवूड्स परिसरातील खलाशी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर, ‘जहाजाच्या होल्डमध्ये (माल ठेवण्याच्या बंद कप्प्यात) किंवा टाकीत सोबती कोसळल्यास ओला रुमाल नाकाला बांधून लगेच उतरावे, विषारी वायू असेल तर वास येतोच’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. मालवाहू जहाजांवर अनेक वर्षे डेक अधिकारी म्हणून काम केले असल्याने हे लिहीत आहे.

मुख्य धोका अनेकदा विषारी वायूचा नसून ऑक्सिजन संपल्याचा असतो. ओले लाकूड, कोळसा, इतकेच काय, बंद टाकीतला गंजसुद्धा हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन हळूहळू शोषून घेतो, आणि त्या हवेला कसलाही वास नसतो. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला वास असतो खरा, परंतु प्रमाण वाढले की हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. रुमाल किंवा साधा फिल्टर मास्क ऑक्सिजन निर्माण करीत नाही.

म्हणूनच ऑक्सिजन व वायू मोजणाऱ्या मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये व तळाशी अशी वेगवेगळ्या पातळ्यांवर हवा तपासतात, आणि आत उतरण्याचा परवाना भरल्याशिवाय कोणी उतरत नाही. सोबती पडलेला दिसला की पाय आपोआप शिडीकडे वळतात; अशा वेळी बाहेरच थांबून अलार्म द्यावा आणि श्वसनयंत्र लावलेल्या बचाव पथकाला उतरू द्यावे. या बचावाचा सराव सोलास (जहाजांवरील जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनुसार दर दोन महिन्यांनी बंधनकारक आहे.

संदेश पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. तरीही तो पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, ही विनंती.