ब्रेडमध्ये अळूवडी

आज संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना मी अळूवडीचं टोस्ट सँडविच खाल्लं. उभ्याने, पावसात, छत्री मान आणि खांद्याच्या मध्ये धरून. इतकं आवडलं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. घरी येऊन पाय धुवेपर्यंत चौदा उत्तरं आलेली. ‘अळूवडीची वाट लावली.’ ‘आपल्या पदार्थांची ही दशा!’ ‘आता मोदकाचा बर्गर काढतील.’ आणि एका सख्ख्या चुलतभावाचं, ‘भैयाला काय कळणार अळूवडी.’ हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. कुकर आज मुलगा लावेल.

आधी गाडीचं सांगते. डोंबिवली पूर्वेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाच्या पायरीला लागून ही गाडी असते. संध्याकाळी चारला लागते, रात्री दहाला उठते. उकडलेले बटाटे, बीट, काकडी, टोमॅटो, स्टीलच्या डब्यात मऊ केलेलं बटर, हिरव्या चटणीचं पातेलं. मुंबईत वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. गाडीवरचा मुलगा उत्तर प्रदेशातल्या जौनपूरकडचा, त्याची बायको महाडची. ती भाज्या चिरते, चटणी वाटते, तो टोस्टर सांभाळतो. पाच-सहा वर्षं मी तिथे मसाला टोस्ट खाते आहे. आज गेले तर म्हणाला, “काकू, आज अळूवडीवालं खाऊन बघा. सासूबाईंनी गावाहून वळकट्या उकडून पाठवल्यात.” आणि लगेच, “श्रावण पाळता ना? मग कांदा नको, काकडी घालतो.”

श्रावणाची आठवण ठेवणारा सँडविचवाला मला आजवर भेटला नव्हता.

त्याने वळकटीच्या पातळ चकत्या केल्या आणि तव्यावर थोड्या तेलात टाकून कडा लाल होईपर्यंत उलथन्याने दाबल्या. तीळ तडतडले. दोन्ही स्लाइसना अगदी कोपऱ्यापर्यंत बटर लावलं, त्यावर चटणी. मग एकाला एक चिकटून सहा वड्या, वर काकडी, सँडविच मसाल्याची चिमूट. टोमॅटो घातला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “आत चिंच आहे ना काकू, फार आंबट होईल.” मग सगळं हाताच्या टोस्टरमध्ये घालून शेगडीवर, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. कापलं तेव्हा तुकड्यातुकड्यात ती हिरवी-तपकिरी गुंडाळी दिसत होती, पदर न् पदर. ब्रेड कुरकुरीत, आत गुळाची गोडी, आणि घास गिळल्यावर मागून येणारी मिरची. साठ रुपये.

पहिल्याच घासाला मी परळच्या चाळीत पोचले.

१९८२. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यातले एक माझे बाबा, साचे खात्यातले, म्हणजे कापड विणायच्या मागावरचे. मी सहावीत होते. पावसाळा लागेपर्यंत घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. चाळीच्या मागे नळाचं पाणी वाहून जायचं तिथे अळू माजायचं. त्याला पैसे पडत नव्हते. आई काळ्या देठाची पानं तेवढी निवडून आणायची, मागच्या जाड शिरा लाटण्याने चेपायची, पान उलटं टाकून पीठ फासायची, त्यावर दुसरं पान, टोक विरुद्ध दिशेला. बेसन वाण्याकडून उधारीवर आणलेलं. घसा खवखवू नये म्हणून चिंच मात्र हात राखून कधी घातली नाही तिने.

एका सकाळी चपातीला पीठच नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत आदल्या दिवशीचा ब्रेड स्वस्तात मिळायचा. आईने दोन स्लाइसमध्ये रात्रीच्या अळूवड्या ठेवल्या आणि डबा दिला. मधल्या सुट्टीत मी तो उघडला. शेजारची मुलगी म्हणाली, “तुमच्यात चपाती नाही करत?” मी झाकण लावून टाकलं. घरी आल्यावर सांगितलं, पोट दुखत होतं. आई काही बोलली नाही. मोरीपाशी उभ्या उभ्या तिने ते ब्रेड खाल्लं आणि मग डबा घासला.

तेव्हा ‘वाट लावली’ म्हणणाऱ्यांनो, मला एवढंच सांगा, माझ्या आईनेही वाट लावली होती का? ब्रेडमध्ये अळूवडी घालणं हा जर पदार्थाचा अपमान, तर तो त्या साली परळमध्ये किती घरांत झाला असेल! आणि चुलतभावा, हे तू बोलतोस? तुम्ही त्याच गॅलरीत आमच्यापासून तीन खोल्या सोडून राहत होता. तेव्हा तुमच्या चुलीवर काय शिजत होतं आणि काय शिजत नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे.

आणि ‘आपले पदार्थ’ म्हणजे नेमके कुठले? सोमवारचा उपास सगळ्यांनी केला ना? साबुदाण्याची खिचडी खाल्ली ना? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, आणि करतात तो तामिळनाडूत सेलमकडे. खिचडीतला बटाटा तिकडचा, शेंगदाणे तिकडचे, मिरचीही समुद्रापलीकडूनच आली. हे सगळं आपल्या देवाला चालतं, एकादशीला चालतं, आणि दोन स्लाइसमधली अळूवडी मात्र बाटली! पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा हा शब्दही त्यांचाच. या दोन परक्यांना एकत्र करून १९६६च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर कुणीतरी वडापाव विकायला लागलं, आणि आज त्याच्यावर आपण जीव टाकतो. संपानंतर आमच्या चाळीतल्या कितीतरी जणांनी वडापावच्याच गाड्या टाकल्या आणि पोरं शिकवली. पावात वडा चालतो. मग ब्रेडमध्ये वडी का चालू नये? मला कुणीतरी समजावून सांगा.

आता भैयाचं. हा शब्द ज्या सुरात लिहिला होता तो सूर माझ्या मित्रमैत्रिणींना कळतो, म्हणून फोड करत बसत नाही. वड्या महाडच्या बाईने केल्या होत्या, हे झालंच. पण समजा त्याने स्वतः केल्या असत्या तर? टोस्टर उलटवता उलटवता तो मला सांगत होता की त्याच्या गावी घुइयाच्या, म्हणजे अळूच्याच पानांचं असंच करतात. रिकवच म्हणतात. डाळ वाटून पानांना लावायची, गुंडाळायचं, उकडायचं, तळायचं. त्याची आई पावसाळ्यात करते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती मावशी पात्रा करतात. मंगळूरकडे पत्रोडे, त्यात तांदूळ वाटून घालतात. पावसात ज्याच्या म्हणून घरामागे अळू उगवतं, त्याच्या घरात कुणी ना कुणी बाई हे पान गुंडाळत बसलेली आहे. भैयाला काय कळणार म्हणे! त्याला सासूची वडी चाखून कळलं की ही आईच्या रिकवचसारखीच लागते, आणि त्याने ती गाडीवर आणली. तुला काय कळलं? तू फोटो पाहून बोललास.

मधे उठून पाणी पिऊन आले. रागाच्या भरात लिहिलंय, पण खोडणार नाही.

पायरीजवळ चालायला जागा राहत नाही, हे खरं आहे. टोस्ट लगेच खाल्लं नाही तर वडीच्या वाफेने ब्रेड नरमतो, हेही खरं. आणि वरणभाताशेजारी पानात वाढलेली अळूवडी ती अळूवडीच, तिची सर कशाला नाही. बस, एवढं मान्य करते.

पण पायरीचं निघालं म्हणून सांगते. गेल्या महिन्यात आमच्याकडे गाडी हटवण्याच्या अर्जावर सह्या घेत फिरत होते. मी केली नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला, त्यात स्पष्ट म्हटलंय की सर्वेक्षण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. सही मागणाऱ्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “तुम्हाला काय, तुम्ही खाता तिथे.” हो, खाते. संपानंतर गिरणी बंद झाली, बाबा परत साच्यावर उभे राहिले नाहीत. चार वर्षं त्यांनी फुटपाथवर रुमाल-बनियन विकले, आणि महापालिकेची गाडी आली की चादरीची चार टोकं एका हातात गोळा करून पळायचे. त्यांना पळताना मी पाहिलंय. आज तो मुलगा दर थोड्या वेळाने मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे बघत होता, हातातला सुरा न थांबता. ते बघणं मी ओळखते.

ब्रेडमध्ये वडी बघून मला एवढं का लागलं, ते लिहिता लिहिता माझं मलाच कळतंय. त्या दिवशी डबा बंद केला तेव्हा मला भूक होती. वासानेच तोंडाला पाणी सुटलं होतं. नुसत्या लाजेपोटी खाल्लं नाही. आणि आज एक पोरगा तेच, तस्संच, भर रस्त्यात दिव्याखाली मांडून विकतोय, पाटीवर खडूने लिहून, आणि कॉलेजची मुलं रांग लावून मागतायत. माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “आई डब्यात असं का नाही देत?” मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

आईसाठी एक पार्सल आणलं होतं. नरम झालं होतंच, ते एका अर्थी बरं झालं, तिला चावायला सोपं. तिने आधी बोटाने ब्रेड उघडला आणि वडी दिव्याकडे धरून बघितली. “चारच पानं लावलीत. चिंच कमी आहे.” मग खाल्लं. सगळं खाल्लं, बोटाला लागलेली चटणीसुद्धा. मी शेजारी बसून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला डब्याची ती गोष्ट सांगितली. पोट दुखत नव्हतं, हे सांगितलं.

ती म्हणाली, “मला नाही गं आठवत. संपात काय काय खाल्लं, काय काय धरून ठेवायचं?”

थोड्या वेळाने आतून हाक मारून विचारलं, “तो रोज करतो का हे?”

म्हटलं, वळकट्या आहेत तोवर करेल.

“मग उद्या आण. आणि त्याला म्हणावं, सासूला सांग, गूळ चिंचेच्या कोळात नीट विरघळवून मग पीठ कालवायचं. खडा लागला मला.”